हात आणि शब्द एकाच वेळी: विद्यार्थ्यांना खासगी अवयवांची तपासणी कशी शिकवावी

स्तन, योनिमार्ग, गुदद्वार आणि पुरुषाचे जननेंद्रिय यांची तपासणी वैद्यकीय विद्यार्थ्याला सहसा दोन वेगळ्या तुकड्यांत शिकवली जाते. कौशल्य-प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या मॉडेलवर हाताची क्रिया होते आणि दुसऱ्याच एखाद्या तासाला संवादाचा धडा होतो. हे दोन तुकडे विद्यार्थी आपले आपण जोडून घेईल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो ते जोडत नाही. मॉडेलवर वीस वेळा मुकाट्याने स्पेक्युलम (योनीच्या भिंती दूर करून आत पाहण्याचे दोन पात्यांचे उपकरण) घातलेला विद्यार्थी रुग्णासमोरही मुकाट्यानेच घालतो, कारण त्याच्या हाताला तीच सवय लागलेली असते. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच नियम धरला आहे: विद्यार्थ्याने कोणतीही हालचाल तिच्यासोबतच्या वाक्याशिवाय शिकू नये, अगदी पहिल्या दिवशी, समोर रबराचा तुकडा असला तरीही.

पहिली पायरी: विद्यार्थ्याची भीती बाहेर काढणे

पहिल्या तासाला कोणतेही उपकरण बाहेर काढू नये. सहा ते आठ विद्यार्थ्यांचा गट घेऊन प्रत्येकाने आपल्या मनातील शंका नाव न घालता चिठ्ठीवर लिहावी आणि शिक्षकाने त्या मोठ्याने वाचाव्यात. चिठ्ठ्यांतील शंका ठरलेल्या असतात: माझ्यामुळे दुखेल का, मला नेमकी जागा सापडेल का, माझा हात थरथरला तर काय, रुग्णाला किंवा मलाच लैंगिक भावना जाणवली तर काय, तपासणीत रुग्ण रडू लागला तर काय. शेवटच्या दोन प्रश्नांना बगल दिली, की विद्यार्थी त्यांचे उत्तर स्वतःच शोधतो. आणि त्याने शोधलेले उत्तर बहुधा कोरडेपणा हेच असते. तो नजर चुकवतो, घाईने उरकतो, बोलतच नाही. शिक्षकाने स्पष्ट सांगावे की अशी भावना क्षणभर येऊ शकते, ती आली म्हणून कोणी वाईट डॉक्टर ठरत नाही, पण ती वागण्यात उतरता कामा नये आणि अस्वस्थता टिकून राहिल्यास विद्यार्थ्याने शिक्षकाला खासगीत सांगावे. पुरुष रुग्णाला तपासणीत शिश्नताठरता येणे ही बहुतेक वेळा स्पर्शाची प्रतिक्षिप्त क्रिया असते. विद्यार्थ्याने दचकू नये आणि हसूही नये. ‘असं होऊ शकतं, थोडं थांबू या का?’ एवढे म्हणून चादर टाकावी आणि रुग्णाच्या उत्तराप्रमाणे पुढे जावे. हे वाक्य प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे. पहिल्या वेळी सगळे हसतात, तिसऱ्या वेळी कोणी हसत नाही.

दुसरी पायरी: शब्द ठरवणे

या पायरीला मी इतर सर्व पायऱ्यांपेक्षा जास्त वेळ देतो, कारण मराठीत ही अडचण मोठी आहे आणि पाठ्यपुस्तके ती सोडवत नाहीत. विद्यार्थी शिकतो इंग्रजीत आणि रुग्णाशी बोलतो मराठीत. मध्ये जो खड्डा आहे तो तो आडवळणाच्या शब्दांनी भरतो. ‘छाती तपासायची आहे’ असे म्हटल्यावर रुग्णाला वाटते की स्टेथोस्कोप लागेल, आणि प्रत्यक्षात हात स्तनांवर येतो. ही संमती नव्हे. ‘स्तनांची तपासणी करायची आहे, त्यासाठी मला बोटांनी दोन्ही स्तन आणि काखा चाचपाव्या लागतील’ हे वाक्य लांब आहे, पण त्यात काही लपलेले नाही. ‘खालून तपासू’ यातून बोट योनीत जाणार की गुदद्वारात, हे कळत नाही. ‘पिशवी’ म्हटल्यावर एका रुग्णाला गर्भाशय कळते, तर दुसऱ्याला लघवीची पिशवी. ‘अंगावरून जातं’ या तक्रारीत पांढरे जाते की लाल, हे विचारल्याशिवाय काहीच ठरत नाही. ‘इंद्रिय’ हा शब्द वयस्क पुरुष सहज वापरतात. तरुणाला तो कदाचित मोघम वाटेल.

यासाठी वर्गात एक तक्ता करावा. एका रकान्यात शरीररचनाशास्त्रातील नाव, दुसऱ्यात साधा मराठी शब्द, तिसऱ्यात रुग्ण स्वतः वापरतात तो शब्द. मग विद्यार्थ्याला शिकवावे की आधी नेमका शब्द वापरायचा, लगेच त्याचा अर्थ साध्या भाषेत सांगायचा, आणि पुढे रुग्ण जो शब्द उचलेल तो आपणही स्वीकारायचा: ‘योनिमार्गातून, म्हणजे पाळी जिथून येते त्या जागेतून, मी दोन बोटांनी आतली तपासणी करेन’, ‘गुदद्वारातून, म्हणजे शौचाच्या जागेतून, एका बोटाने तपासेन’. पारलिंगी व्यक्तीच्या बाबतीत तर हे आधीच विचारून घ्यावे, कारण स्वतःच्या अवयवांसाठी तिने निवडलेले शब्द वेगळे असू शकतात.

काही वाक्ये वर्जितच करावीत. ‘डॉक्टरांसमोर कसली लाज?’ हे त्यातील पहिले. ते रुग्णाच्या संकोचालाच चूक ठरवते. ‘दुखणार नाही’ हे वचन देण्याचा अधिकार तपासणाऱ्याला नाही. ‘दाब जाणवेल, दुखलं तर लगेच सांगा, मी थांबेन’ हे खरे आहे. ‘ढिलं सोडा, ढिलं सोडा’ असा धोशा लावल्याने स्नायू अधिकच आवळतात, त्याऐवजी करता येण्याजोगी कृती सांगावी: ‘कंबर टेबलाला टेकू द्या आणि श्वास हळूहळू सोडा.’ ‘पाय फाका’ हे तर अपमानास्पदच आहे. विद्यार्थ्याने आपले तळहात रुग्णाच्या गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला थोड्या अंतरावर धरावेत आणि ‘गुडघे माझ्या हातांपर्यंत सोडा, सहज जातील तेवढेच’ असे म्हणावे. तपासणीत ‘छान’, ‘मस्त’ हे उद्गार निषिद्ध. ‘निरोगी आहे’ किंवा ‘इथे काही वेगळं आढळलं नाही’ असे म्हणावे. रुग्ण तपासणीच्या टेबलावर असतो, ‘बेडवर’ नसतो, हा फरकही विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखा आहे. आणि रुग्णाचे वय काहीही असो, ‘तुम्ही’च.

तिसरी पायरी: बोलत बोलत मॉडेलवर

मॉडेलच्या डोक्याच्या जागी दुसऱ्या विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवावे, दोघांमध्ये चादर अशी पसरावी की एकच शरीर वाटेल, आणि खुर्चीवरच्याला रुग्ण म्हणून बोलू द्यावे. तपासणाऱ्याने प्रत्येक हालचालीआधी ती सांगायची आणि खुर्चीवरच्याने मधूनच ‘थांबा’ म्हणायचे. ‘थांबा’ ऐकल्यावर हात एका सेकंदात स्थिर झाला का आणि चेहऱ्याकडे नजर गेली का, हे शिक्षकाने बघायचे. बहुतेकांचा हात आधी हातातली क्रिया पुरी करतो. ही सवय मॉडेलवरच मोडली नाही, तर पुढे मोडत नाही.

स्पर्शाचा क्रमही येथेच पक्का करावा. योनीतपासणीआधी रुग्णाला लघवी करून येण्यास सांगावे. स्पेक्युलम सर्वांत लहान पण पुरेसे असे निवडावे, कोमट पाण्याने त्याचा गारवा घालवावा आणि ते मांडीच्या आतल्या बाजूला टेकवून ‘गार किंवा गरम वाटतंय का?’ असे विचारावे. पहिला स्पर्श कधीही थेट जननेंद्रियाला नसावा. ‘आता माझ्या हाताची मागची बाजू तुमच्या मांडीला लागेल’ असे सांगून मांडीपासून सुरुवात करावी. पाती मिटलेली ठेवून, मागच्या भिंतीवर हलका दाब देत, खाली आणि मागे अशा दिशेने स्पेक्युलम सरकवावे, कारण पुढच्या बाजूला मूत्रमार्ग आहे आणि तिथे दाब पडला तर वेदना होतात. बाहेर काढताना पाती गर्भाशयमुखापासून मोकळी होईपर्यंत उघडीच ठेवावीत. ती आधीच मिटली तर ऊतींचा चिमटा बसतो. ज्या रुग्णांना आधीच्या तपासणीचा त्रास झाला आहे, त्यांना स्पेक्युलम स्वतः आत सरकवण्याचा पर्याय देता येतो, आणि अनेकांना तो हवा असतो.

टेबलाला पाय अडकवण्याच्या आकड्यांची दरवेळी गरज नसते, हेही शिकवावे. २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९७ स्त्रियांचा सहभाग असलेल्या यादृच्छिक चाचणीत असे दिसले, की आकड्यांविना, टेबलावर पाय टेकवून केलेल्या स्पेक्युलम तपासणीत शारीरिक त्रास आणि असहायतेची भावना दोन्ही लक्षणीय कमी होती.

गुदद्वाराच्या तपासणीत रुग्ण डाव्या कुशीवर, गुडघे पोटाकडे घेऊन असतो, म्हणजे त्याला तपासणारा दिसत नाही. म्हणून येथे आवाजाचे महत्त्व दुप्पट. जेल लावलेल्या बोटाचा पेर आधी गुदद्वारावर नुसता टेकवून ठेवावा, ‘शौचाला जोर करता तसा हलका जोर करा’ असे सांगावे आणि स्नायू सैल झाल्यावरच बोट आत जाऊ द्यावे. ‘आता शौचाला जावंसं वाटेल, पण तसं काही होणार नाही’ हे आधी सांगितले तर रुग्ण घाबरत नाही. पुरुषांमधील प्रोस्टेट ग्रंथी गुदाशयाच्या पुढच्या भिंतीतून बोटाला लागते, म्हणून बोट तिकडे वळवताना ‘आता लघवी आल्यासारखं वाटेल’ हेही सांगावे.

पुरुषाच्या तपासणीत शिश्नाची पुढची कातडी शक्यतो रुग्णालाच मागे घ्यायला सांगावी आणि तपासणीनंतर ती पुढे आली की नाही हे आवर्जून पाहावे, कारण ती मागेच राहिली तर टोकाला सूज येऊन तातडीने उपचार करावे लागतात. स्तनतपासणीत एका वेळी एकच बाजू उघडावी, तीन मधल्या बोटांच्या पेरांनी वरून खाली पट्टे घेत जावे, दाब आधी हलका, मग मध्यम, मग खोल असा वाढवावा. हे विद्यार्थी लवकर शिकतात. जी बाजू तपासून झाली ती आधी झाकून मगच दुसरी उघडायची, हे मात्र दर वेळी आठवण करून द्यावे लागते.

चौथी पायरी: प्रशिक्षित सहशिक्षिका आणि सहशिक्षक

मॉडेलला दुखत नाही आणि मॉडेल खरे बोलत नाही. म्हणून मॉडेल आणि रुग्ण यांच्या मध्ये एक पायरी हवी, आणि तिचा इतिहास आपल्या विषयाला थेट लागू आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात रॉबर्ट क्रेट्झमार या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९६८ साली योनीतपासणी शिकवण्यासाठी एका परिचारिकेला तयार केले. पण ओळख झाकण्यासाठी तिच्यात आणि विद्यार्थ्यांत पडदा ठेवला होता, त्यामुळे हात शिकले आणि संवाद शिकायचा राहिला. १९७२ मध्ये त्यांनी ती पद्धत बदलली आणि आपल्या शरीरावरची तपासणी स्वतः शिकवणाऱ्या, प्रशिक्षित, मानधन घेणाऱ्या सहशिक्षिका आणल्या. त्या विद्यार्थ्याशी समोरासमोर बोलतात: ‘अजून खाली, आता तुझ्या बोटाला माझं गर्भाशयमुख लागलं’, ‘इथे मला दुखलं’, ‘हे तू सांगितलं नाहीस, म्हणून मी दचकले’. गुदद्वार आणि पुरुष जननेंद्रियाच्या तपासणीसाठी पुरुष सहशिक्षकही घेतले जातात.

अशी सोय करताना काही बाबी आधी ठरवाव्यात. सहशिक्षिका स्वेच्छेने आलेली असावी, तिला मानधन मिळावे, एका सत्रात किती तपासण्या होतील याची मर्यादा तिनेच ठरवावी आणि कोणत्याही क्षणी सत्र थांबवण्याचा अधिकार फक्त तिचा असावा, प्राध्यापकाचा नव्हे. विद्यार्थ्यांना परस्परांवर या तपासण्या करायला लावू नयेत. वर्गमित्राला नकार देणे किती कठीण असते हे प्रत्येक माजी विद्यार्थ्याला ठाऊक आहे. जिथे सहशिक्षिका मिळणे शक्यच नाही, तिथे वर सांगितलेली मॉडेल आणि खुर्चीची पद्धत अधिक वेळा, प्रशिक्षित अभिनेत्रीसह करावी. ती पूर्ण पर्याय नाही, पण मुकाट्याने केलेल्या सरावापेक्षा कितीतरी बरी.

पाचवी पायरी: रुग्णापुढे जाण्याआधीची संमती

ही संमती दोन गोष्टींसाठी असते आणि दोन्ही स्वतंत्रपणे विचाराव्या लागतात: तपासणीसाठी, आणि ती विद्यार्थ्याने करण्यासाठी. या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा शिक्षकाने विद्यार्थ्याच्या अनुपस्थितीत विचाराव्यात, म्हणजे रुग्णाला तोंडावर नकार देण्याची वेळ येत नाही. त्यानंतर विद्यार्थ्याने स्वतः पुन्हा विचारावे: ‘मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे, अजून शिकते आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी तुमची तपासणी करू का? नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही.’ स्वतःची ओळख ‘डॉक्टर’ किंवा ‘टीममधली’ अशी करून देणे ही फसवणूक आहे आणि शिक्षकाने ती जागच्या जागी दुरुस्त करावी. हा प्रश्न रुग्ण कपड्यांत, बसलेला असताना विचारावा. टेबलावर आडवे, अर्धे उघडे माणूस ‘हो’ म्हणते तेव्हा ते कशाला हो म्हणते आहे, हे सांगता येत नाही.

भूल दिलेल्या रुग्णाच्या तपासणीवर शिकवणे हा या विषयातील सर्वांत काळा भाग आहे. न्यूझीलंडमध्ये १९८८ साली न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशी अहवालाने भुलेखालील स्त्रियांवर त्यांच्या संमतीविना विद्यार्थ्यांनी योनीतपासणीचा सराव केल्याचे उघड केले. २००३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका इंग्लिश वैद्यकीय विद्यालयातील पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात भूल किंवा गुंगी दिलेल्या रुग्णांच्या सुमारे एक चतुर्थांश तपासण्यांत पुरेशी संमती घेतल्याचे दिसले नाही. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य विभागाने रुग्णालयांना अशा तपासण्यांसाठी आधी लेखी माहितीपूर्ण संमती घेणे आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. शिक्षकासाठी नियम सोपा आहे: शस्त्रक्रियेच्या आधी, रुग्ण जागा असताना, त्या विशिष्ट तपासणीसाठी आणि त्या विशिष्ट विद्यार्थ्यासाठी लेखी संमती नसेल तर विद्यार्थ्याने हातमोजा घालायचाच नाही. विद्यार्थ्यालाही हे माहीत असावे, म्हणजे वरिष्ठाने ‘ये, तूही एकदा बघून घे’ म्हटल्यावर ‘सर, संमतीपत्रात माझं नाव दिसलं नाही’ असे म्हणण्याचा सराव त्याने वर्गात केलेला असेल. हे वाक्य उच्चारायला सगळ्यांत जड जाते, म्हणून त्याचा सराव सगळ्यांत जास्त वेळा करावा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष तपासणी आणि शिक्षकाची जागा

खोलीत रुग्ण, एक विद्यार्थी, शिक्षक आणि एक प्रशिक्षित शॅपरोन, एवढेच असावेत. शॅपरोन म्हणजे रुग्णाच्या बाजूने हजर असणारी व्यक्ती. रुग्णाचा नातेवाईक ही जागा घेऊ शकत नाही. तो रुग्णाला हवा असेल तर जरूर असावा, पण शॅपरोन वेगळी. शिक्षकाला शॅपरोन मोजू नये, कारण त्याचे लक्ष विद्यार्थ्याच्या हाताकडे असते.

रुग्णाने कपडे बदलताना सगळ्यांनी बाहेर जावे किंवा पडदा ओढावा, आणि परत येण्याआधी विचारावे. शिक्षकाने रुग्णाच्या खांद्याजवळ उभे राहावे. तिथून त्याला विद्यार्थ्याचा हात आणि रुग्णाचा चेहरा दोन्ही दिसतात. रुग्णाच्या अंगावरून विद्यार्थ्याशी इंग्रजीत बोलणे टाळावे. सूचना द्यायची असेल तर ती रुग्णालाही समजेल अशा भाषेत द्यावी. विद्यार्थ्याची तपासणी पडताळण्यासाठी शिक्षकाला स्वतः तपासायचे असेल, तर ती दुसरी तपासणी आहे आणि तिची परवानगी सुरुवातीलाच घेतलेली असावी.

विद्यार्थ्याला काही वेगळे लागले, की त्याचा चेहरा बदलतो आणि तोंडून ‘सर, हे बघा’ निघते. रुग्ण त्या शब्दांवर रात्रभर विचार करतो. त्यासाठी आधीच एक खरे आणि शांत वाक्य द्यावे: ‘मी शिकत असल्यामुळे साध्या गोष्टीही डॉक्टरांना दाखवतो, एक जागा त्यांना दाखवू का?’ रुग्ण घट्ट आवळून घेऊ लागला, श्वास रोखू लागला, नजर छतावर स्थिर करून गप्प झाला, तर ‘थांबा’ या शब्दाची वाट न बघता हात थांबवावा, काढावा, अंग झाकावे आणि विचारावे. पूर्वीच्या अत्याचाराच्या आठवणी अशा वेळी उफाळून येऊ शकतात. त्यांचा तपशील विद्यार्थ्याने खोदून विचारू नये. ‘आज इथेच थांबलो तरी चालेल’ हे वाक्य पुरे असते. अपुरी राहिलेली तपासणी पुन्हा करता येते.

तपासणी झाल्यावर पुसायला टिश्यू द्यावा, बाहेर जावे, आणि निष्कर्ष रुग्ण कपडे घालून, बसून, समोरासमोर आल्यावरच सांगावा.

सातवी पायरी: अभिप्राय आणि नोंद

रुग्णाकडून अभिप्राय घ्यायचा असेल तर तो विद्यार्थी नसताना घ्यावा, आणि ‘कशी केली?’ असा न विचारता ‘कुठल्या क्षणी पुढे काय होणार हे कळलं नाही?’ असा विचारावा. पहिल्या प्रश्नाला सगळे ‘चांगली’ म्हणतात. विद्यार्थ्याशी बोलताना शिक्षकाने आधी त्याच्याकडून ऐकावे, की कोणत्या ठिकाणी त्याचे शब्द मागे राहिले आणि हात पुढे गेला. मग आपल्याला दिसलेली एकच जागा दाखवावी. पाच चुका एकदम सांगितल्या, तर पुढच्या वेळी त्याला एकही आठवत नाही.

परीक्षेत गुण देताना तंत्र आणि संवाद यांचे रकाने वेगळे ठेवू नयेत. ‘स्पेक्युलम आत सरकवण्याआधी सांगितले आणि होकाराची वाट पाहिली’ हा एकच घटक असावा, म्हणजे एक करून दुसरे वाचवता येत नाही.

शेवटी नोंदवही. रुग्णपत्रावर तपासणीचे कारण, संमती, शॅपरोनचे नाव, विद्यार्थ्याचे नाव आणि निष्कर्ष लिहिले जातात. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नोंदवहीत मात्र आम्ही एक रकाना वाढवला आहे: ‘विचारले, रुग्णाने नकार दिला.’ ठरलेल्या तपासण्यांची संख्या भरण्याच्या दडपणाखाली विद्यार्थी संमतीचा प्रश्न असा विचारतो की नकार देताच येऊ नये. या रकान्यातील नोंदही त्या संख्येत धरली, की त्याच्या विचारण्याचा सूर बदलतो. दोन्ही बाजूंनी सह्या झालेल्या अशा तीनपर्यंत नोंदी आम्ही पूर्ण तपासणीइतक्याच ग्राह्य धरतो.